नाताळात विंडसर कॅसल बघायचाय? दिवस ठरवण्यापासून घरी परत येईपर्यंत सगळं

नोव्हेंबर संपत आला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, की आई-बाबा इकडे इंग्लंडला आलेत, जानेवारीत परत जाणार, थंडीमुळे घरात बसून कंटाळलेत, नाताळाचं काहीतरी छान दाखवायचंय पण नुसतं मॉलमधलं झाड नको. मी प्रत्येकाला एकच सांगते, विंडसर कॅसलला न्या. मग पाऊण तास फोनवर तेच तेच सगळं, कुठला दिवस, कुठली ट्रेन, आईचे गुडघे दुखतात तर जमेल का, म्हणून यावेळी लिहूनच काढतेय. आम्ही लंडनजवळ स्लाऊमध्ये राहतो, विंडसर म्हणजे आमच्यासाठी शेजारचं स्टेशन, आणि गेल्या काही वर्षांत डिसेंबरमध्ये मी चारदा आत जाऊन आलेय, एकदा आई-बाबांबरोबर, एकदा सासूबाई आणि सासऱ्यांबरोबर, दोनदा लेकीला घेऊन. चुकाही केल्यात, त्याही सांगते.

आधी विंडसरच का ते सांगते, कारण सजवलेले राजवाडे आणि किल्ले या देशात डझनांनी आहेत. जगभर आज घराघरात जे नाताळाचं झाड लावतात ना, ती पद्धत ब्रिटनमध्ये रुजली ती विंडसरमधून. १८०० सालच्या डिसेंबरमध्ये राणी शार्लटने, ती मूळची जर्मन, विंडसरमधल्या क्वीन्स लॉजमध्ये गावातल्या मुलांसाठी पार्टी ठेवली आणि दिवाणखान्याच्या मधोमध एक यू जातीचं झाड उभं केलं, फांद्यांना कागदात बांधलेले बदाम, बेदाणे, मिठाई, खेळणी आणि छोट्या मेणबत्त्या. पुढे व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट, तोही जर्मन, त्याने विंडसर कॅसलमधला नाताळ म्हणजे मोठा सोहळाच करून टाकला, काही खोल्यांत तर झुंबर उतरवून त्या जागी छतालाच झाड टांगायचे. १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी, अल्बर्ट आणि मुलं विंडसरमध्ये झाडाभोवती उभी आहेत असं चित्र छापून आलं आणि त्यानंतर मध्यमवर्गीय घरांतही झाडं यायला लागली. म्हणजे तुम्ही झाड बघायला जाताय ते झाडाच्या माहेरी जाताय म्हणा. हे आई-बाबांना ट्रेनमध्येच सांगून ठेवा, आत गेल्यावर बघण्यात फरक पडतो.

आणि अजून एक गोष्ट आधीच सांगा. आपल्या डोक्यात किल्ला म्हटलं की रायगड, सिंहगड, म्हणजे चढण, वारा, पडके वाडे आणि पिठलं-भाकरी. इथे तसं नाही. १०७० च्या सुमारास विल्यम द कॉन्करर याने थेम्स नदीकाठच्या खडूच्या टेकडीवर हा किल्ला बांधायला घेतला आणि तेव्हापासून आजपर्यंत चाळीस राजे-राण्यांनी तो वापरलाय, अजूनही राजा इथे राहायला येतो. मधोमध उंचवट्यावर जो गोल बुरुज दिसतो, राउंड टॉवर, तो समजा बालेकिल्ला, आणि खालचं लोअर वॉर्ड म्हणजे माची. बाबांना मी असं सांगितलं तेव्हा त्यांना नकाशा एका मिनिटात समजला. बुरुजावर झेंडा बघा, रॉयल स्टँडर्ड म्हणजे शाही निशाण फडकत असेल तर राजा आत आहे, नेहमीचा युनियन फ्लॅग असेल तर नाही. नाताळाच्या दिवशी मात्र राजघराणं बहुतेक सँड्रिंगहॅमला, त्यांच्या दुसऱ्या घरी असतं. १९६० च्या दशकात मुलं लहान असताना एलिझाबेथ राणी नाताळ इथेच करायची, मग १९८८ मध्ये इथल्या वायरिंगचं काम निघालं आणि सगळे सँड्रिंगहॅमला गेले ते तिकडेच जायला लागले.

दिवस कुठला घ्यायचा

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात, मीही चुकले. कॅसल मंगळवारी आणि बुधवारी बंद असतो. पहिल्या वर्षी मी सासूबाईंना आणि सासऱ्यांना घेऊन मंगळवारी गेले, त्या दिवशी मला सुट्टी होती एवढाच विचार केला, आणि आम्ही बाहेरून तटबंदी बघून परत आलो, सासूबाई काही बोलल्या नाहीत पण मला फार वाईट वाटलं होतं, तीन डिग्रीत त्यांना एवढं चालवलं होतं. दुसरी चूक रविवारची. रविवारी कॅसल उघडा असतो पण आतलं सेंट जॉर्जेस चॅपेल पर्यटकांसाठी बंद, कारण तिथे प्रार्थना चालू असते. आई-बाबांनी २०२२ मध्ये राणीचे अंत्यसंस्कार टीव्हीवर तासनतास बघितले होते, त्यांना ती जागाच बघायची होती आणि आम्ही नेमके रविवारी गेलो. त्यामुळे उरले सोमवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार. शनिवारी गर्दी. तर सोमवार, गुरुवार किंवा शुक्रवार.

सजावट साधारण नोव्हेंबरच्या शेवटी लागते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राहते. २५ आणि २६ डिसेंबरला कॅसल बंद. माझं मत विचाराल तर डिसेंबरचे पहिले दोन आठवडे घ्या, शाळांना सुट्टी लागायच्या आत. नाताळानंतरचे ते चार-पाच दिवस, सत्तावीसपासून एक तारखेपर्यंत, अख्खं लंडन तिथे आलेलं असतं, लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर तेव्हा नकोच. आणि हा चालता-बोलता राजवाडा आहे, एखादा सरकारी कार्यक्रम आला की काही खोल्या बंद होतात किंवा सगळंच, तर निघायच्या आदल्या रात्री वेबसाइट एकदा उघडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

तिकीट

कॅसल लोकांना दाखवायचं काम रॉयल कलेक्शन ट्रस्ट बघतं, तिकीट त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरच काढा. मोठ्यांचं तिकीट तीस पौंडांच्या वर जातं, म्हणजे चौघांचा खर्च काही कमी नाही, त्यामुळे इथे नीट लक्ष द्या. आगाऊ काढलं की दारात काढण्यापेक्षा स्वस्त पडतं, पाच वर्षांखालच्या मुलांना फुकट, मोठ्या मुलांना जवळजवळ अर्धं. पण खरी गोष्ट वेगळीच आहे, त्यांच्याकडून थेट घेतलेलं तिकीट तुम्ही वर्षभराचा पास करून घेऊ शकता, बाहेर पडायच्या आधी तिथल्या कर्मचाऱ्यांकडून त्यावर शिक्का मारून घ्यायचा, बस. म्हणजे डिसेंबरमध्ये आलात की पुढच्या डिसेंबरच्या सुरुवातीला त्याच तिकिटावर परत सजावट बघता येते, तारखा नीट जुळवल्या तर. आम्ही दोनदा असं केलंय. टूर कंपनीकडून किंवा दुसऱ्या कुठल्या साइटवरून घेतलेल्या तिकिटावर हे होत नाही. बरोबर कुणी अपंग असेल तर त्यांना सवलतीचं तिकीट आणि सोबतच्या माणसाला मोफत प्रवेश असतो, ते बुकिंग करताना निवडा.

बुकिंगमध्ये वेळेचा स्लॉट विचारतात. सगळे दहाचा पहिला स्लॉट घ्या म्हणून सांगतात, उन्हाळ्यात ते बरोबर आहे, डिसेंबरमध्ये मी साडेअकराचा घेते. हिवाळ्यात शेवटचा प्रवेश तीनच्या सुमारास असतो आणि सव्वाचारला कॅसल बंद होतो. डिसेंबरमध्ये सूर्य चारच्या आतच मावळतो. साडेअकराला आत गेलात की खोल्या निवांत बघून, चहा पिऊन, पावणेतीनला चॅपेलमध्ये, आणि बाहेर पडाल तेव्हा अंधार पडत असतो आणि गावातल्या रोषणाईचे दिवे लागायला लागलेले असतात. दहाला गेलेले लोक एकला बाहेर येतात, तेव्हा राखाडी आभाळाखाली विझलेल्या माळा लटकत असतात आणि मग चारपर्यंत कुठे थांबायचं हा प्रश्न. फक्त कुणाला पहारेकऱ्यांची अदलाबदल, चेंजिंग द गार्ड, बघायचीच असेल तर ती अकराला असते, ठराविक दिवशी, साधारण गुरुवारी आणि शनिवारी, पण तारखा बघून घ्या. ते सैनिक बँड वाजवत हाय स्ट्रीटवरून चढून येतात, ते रस्त्यावर उभं राहून बिनतिकीट दिसतं, थंडीत राखाडी लांब ओव्हरकोट घातलेले असतात. पावणेअकराला हाय स्ट्रीटवर उभं राहायचं, ते आत गेले की आपण साडेअकराच्या रांगेला.

जायचं कसं

लंडनहून दोन रस्ते. पॅडिंग्टनहून किंवा एलिझाबेथ लाइनने स्लाऊला यायचं, तिथे प्लॅटफॉर्म बदलून छोटी शटल ट्रेन, सहा मिनिटांत विंडसर अँड ईटन सेंट्रल. किंवा वॉटर्लूहून न बदलता विंडसर अँड ईटन रिव्हरसाइड, तासभर लागतो. आई-बाबा बरोबर असतील तर मी सेंट्रलच सांगेन, कारण स्टेशनातून बाहेर पाऊल टाकलं की समोर कॅसलची भिंत, रिव्हरसाइडहून थोडी चढण आहे. सेंट्रल स्टेशनचा मोठा काचेचा मांडव बघा, तो व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाली त्या १८९७ सालचा, आता त्याच्या खाली दुकानं आणि कॉफी शॉप्स आहेत, नाताळात तेही सजवतात. गाडीने येणार असाल तर विचार करा, गावात पार्किंग महाग आणि डिसेंबरच्या शनिवार-रविवारी ते मिळतच नाही, त्यापेक्षा गाडी स्लाऊला लावून शटलने या.

हीथ्रो जवळ आहे, टर्मिनल ५ वरून बस मिळते, म्हणून काही जण विमानातून उतरून थेट कॅसलला यायचा बेत करतात. बॅगा घेऊन येऊ नका. आत विमानतळासारखी सिक्युरिटी आहे, मोठ्या सुटकेस आत नेता येत नाहीत आणि तिथे ठेवायलाही जागा नाही.

कपडे आणि पाय

थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर वाऱ्याचं जॅकेट, आणि डोक्याला कानटोपी. आईने पहिल्यांदा साडीच नेसायची म्हटलं होतं, नाताळ आहे म्हणून, मी म्हटलं नेस, पण आत थर्मल पँट घाल आणि पायात मोजे आणि बूट, चप्पल नाही. छान दिसली आणि कुडकुडलीही नाही. बाहेरच्या आवारात दगडी फरसबंदी आहे, उतार आहे, दव पडलं की निसरडं होतं. नॉर्थ टेरेस म्हणून जी उघडी गच्ची आहे तिथून थेम्स, ईटन कॉलेज सगळं दिसतं पण वारा अंगातून जातो, आणि खोल्यांची रांग नेमकी तिथेच असते. आतमध्ये उलट छान ऊब असते, तेव्हा एकच जाडजूड कोट घालण्यापेक्षा काढता-घालता येईल असे थर घाला.

गुडघ्यांचं म्हणाल तर मुख्य जिना मोठा आहे पण लिफ्ट आहे, दारातल्या कर्मचाऱ्यांना, त्यांना वॉर्डन म्हणतात, नुसतं सांगायचं. ते फार चांगले वागतात, बाबांना एका खोलीत दमायला झालं तर त्यांनी लगेच खुर्ची दाखवली. व्हीलचेअर उसनी मिळते, आधी कळवलेलं बरं. बाबागाडी मुख्य खोल्यांच्या दारात ठेवावी लागते, त्याबदल्यात बाळाला छातीशी बांधायचं कॅरियर देतात. आणि खोल्यांत शिरण्याआधी टॉयलेटला जाऊन या, सगळ्यांनी, लहान-मोठ्यांनी. एकदा त्या खोल्यांच्या मार्गाला लागलात की दीड तास मध्ये सोय नाही.

आत काय आणि कसं बघायचं

सिक्युरिटीनंतर मोफत ऑडिओ गाईड मिळतो. मराठीत नाही, त्यामुळे आई-बाबांना इंग्रजी भरभर समजत नसेल तर ते गळ्यात अडकवण्यापेक्षा तुम्हीच त्यांचे गाईड व्हा, त्यासाठीच खालचं सगळं जरा तपशिलात लिहितेय.

आधी क्वीन मेरीचं डॉल्स हाउस येतं, त्याला वेगळी रांग असू शकते. मुलं बरोबर असतील तर सोडू नका. १९२१ ते १९२४ मध्ये बनवलेलं हे बाहुलीघर, आणि त्याचा आर्किटेक्ट कोण, तर एडविन लचेन्स, ज्याने नवी दिल्ली उभी केली तोच. सगळं एकास बारा या मापात, म्हणजे एक फुटाची वस्तू एक इंचाची. नळाला पाणी येतं, दिवे लागतात, लिफ्ट चालते. माझी लेक काचेला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली आपण दिवाळीत किल्ला करतो तसाच ना, पण यांनी घर केलंय. दिवाळीत आमच्या बाल्कनीत शाडू मिळत नाही म्हणून आम्ही कुंडीतल्या मातीचा करतो, त्यावर मावळे. तिला त्या दिवशी ते दोन्ही एकाच जातीचं वाटलं आणि मला ते पटलं.

मग स्टेट अपार्टमेंट्स, म्हणजे शाही दालनं. ग्रँड स्टेअरकेसपाशी पोचलात की पहिली सजावट दिसते, कठड्याला हिरव्या फांद्यांचे जाड हार, त्यात दिवे, आणि मागे भिंतीवर चिलखतं, तलवारी. इथे लगेच वर चढायची घाई करू नका, खाली उभं राहून एकदा मान वर करून बघा. जिना चढलात की ग्रँड व्हेस्टिब्यूल, आणि इथे आपल्या लोकांचे पाय थबकतात. काचेच्या कपाटात टिपू सुलतानच्या सिंहासनाचं सोन्याचं वाघाचं डोकं आहे, स्फटिकाचे दात आणि डोळे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा ते सिंहासन तोडून वाटून घेतलं, त्यातला हा तुकडा. बाबा तिथे दहा मिनिटं उभे होते, काही बोलले नाहीत. माळा आणि दिव्यांच्या मधोमध ते डोकं बघून मनात जे होतं ते होऊ द्या, आई-बाबांना तिथून ओढून पुढे नेऊ नका.

पुढे वॉटर्लू चेंबर. सगळे भिंतीवरची मोठी चित्रं बघतात, तुम्ही खाली बघा. तो अवाढव्य गालिचा व्हिक्टोरियाच्या राज्याच्या पन्नास वर्षांनिमित्त आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला आहे, एकसंध, सांधा नाही. १९९२ च्या आगीत तो गुंडाळून बाहेर काढायला पन्नास सैनिक लागले. याच दालनात दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४४, दर नाताळाला छोट्या राजकन्या एलिझाबेथ आणि मार्गारेट नाटक करायच्या, आपल्या गणपतीच्या मंडपात पोरं करतात तसं, आजूबाजूच्या शाळेतल्या मुलांना घेऊन. युद्धामुळे मौल्यवान चित्रं हलवली होती, त्या रिकाम्या भिंतींवर परीकथेतल्या पात्रांची चित्रं लावली होती. १९४३ च्या नाटकाला नौदलातला एक तरुण बघायला आला होता, फिलिप नावाचा, पुढे त्याच्याशीच एलिझाबेथचं लग्न झालं. आईला ही गोष्ट इतकी आवडली की घरी गेल्यावर तिने मावशीला फोनवर सगळ्यात आधी तीच सांगितली.

मधल्या खोल्यांत चित्रांचा खजिना आहे, व्हॅन डाइक, होल्बाइन, कॅनालेटो, ज्यांना चित्रांची आवड आहे त्यांनी थांबा, बाकीच्यांनी सरळ चालत राहा, कारण ताकद सेंट जॉर्जेस हॉलसाठी राखून ठेवायची आहे. या हॉलच्या टोकाला मुख्य झाड असतं. वीस फुटी नॉर्डमन फर, शेजारच्या विंडसर ग्रेट पार्कमधलंच तोडून आणलेलं, हजारो छोटे दिवे. हॉल ५५ मीटर लांब आहे त्यामुळे झाड दारातून दिसतं ते लांबच, आणि सगळे तडक त्याच्याकडे फोटोला धावतात. तुम्ही दाराशीच थांबा. वर छत बघा, ओकच्या लाकडाचं, जुनं वाटतं पण ते १९९७ चं आहे.

कारण २० नोव्हेंबर १९९२ ला इथे आग लागली. शेजारच्या खासगी चॅपेलमध्ये एका दिव्याच्या उष्णतेने पडदा पेटला, आणि पंधरा तास आग चालली, ११५ खोल्यांना झळ बसली, या हॉलचं छत कोसळलं. दैव असं की नवीन वायरिंग चालू होतं म्हणून बऱ्याच खोल्यांतलं सामान आधीच दुसरीकडे नेलेलं होतं, नाहीतर काय काय गेलं असतं. दुरुस्तीला पाच वर्षं आणि साडेतीन कोटी पौंडांहून जास्त लागले, त्यातले बरेचसे पैसे बकिंगहॅम पॅलेस पहिल्यांदा लोकांना तिकीट लावून उघडला त्यातून आले, आणि बरोबर पाच वर्षांनी, त्याच तारखेला, काम पूर्ण झालं. सुतारांनी मध्ययुगातल्यासारखं ओल्या ओकच्या तुळया कापून हे छत जोडलं. त्याच्यावर जी शेकडो रंगीत ढाली बसवल्यात ना, त्या ऑर्डर ऑफ द गार्टर या शाही मानाच्या सरदारांच्या, १३४८ पासूनच्या. त्यात काही ढाली कोऱ्या पांढऱ्या आहेत, ज्यांनी गद्दारी केली किंवा मान घालवला त्यांच्या. मुलांना त्या मोजायला सांगा, तेवढ्यात तुम्हाला शांतपणे झाड बघता येतं.

आणि इथेच आई-बाबांना सांगा, की ऑक्टोबर २००९ मध्ये आपल्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्यासाठी राणीने शाही मेजवानी दिली ती याच हॉलमध्ये. त्या दौऱ्यात त्या कॅसलमध्येच उतरल्या होत्या. माझे बाबा जळगावचे, त्यांनी हे ऐकल्यावर त्या हॉलकडे बघायची पद्धतच बदलली, कुठे बसल्या असतील, टेबल किती लांब असेल, सगळं विचारून झालं.

हॉलच्या पुढे लँटर्न लॉबी, आग सुरू झाली नेमकी तीच जागा, आता आठकोनी सुंदर दालन आहे, आठव्या हेन्रीचं भलंमोठं चिलखत तिथे ठेवलंय. त्यानंतर सेमी-स्टेट रूम्स, आणि हिवाळ्यातच यायचं दुसरं कारण म्हणजे या खोल्या. चौथ्या जॉर्जने स्वतःसाठी करून घेतलेली ही दालनं उन्हाळ्यात पर्यटकांसाठी बंद असतात, शरद ऋतूपासून वसंतापर्यंतच उघडतात. क्रिमझन ड्रॉइंग रूममध्ये लालजर्द रेशमी भिंती, सोनेरी छत आणि कोपऱ्यात झाड, मला स्वतःला मोठ्या हॉलपेक्षा हे झाड जास्त आवडतं, घरातल्यासारखं वाटतं. पुढे ग्रँड रिसेप्शन रूममध्ये मॅलाकाइट दगडाचा हिरवा प्रचंड कलश आहे, रशियाच्या झारने दिलेला, आगीत तो उचलताच आला नाही, तिथेच राहिला आणि वाचला.

फोटोचं काय ते प्रत्येक ठिकाणी वॉर्डनला विचारूनच काढा, चॅपेलमध्ये मात्र फोन खिशातून काढूच नका.

अल्बर्टची एक गोष्ट राहिली. ज्याने हा नाताळ इथे एवढा मोठा केला तो १४ डिसेंबर १८६१ ला याच कॅसलमध्ये वारला, वय ४२, नाताळ अकरा दिवसांवर असताना. त्यानंतर व्हिक्टोरियाला इथे नाताळ करवेना, ती बहुतेक वर्षी ऑस्बर्नला, वाइट बेटावरच्या तिच्या घरी जायची. डिसेंबरच्या मध्यावर त्या खोल्यांतून फिरताना मला हे दर वेळी आठवतं.

जेवण आणि चॅपेल

खोल्यांतून बाहेर आलात की अंडरक्रॉफ्ट कॅफे, तिसऱ्या एडवर्डच्या काळातलं दगडी कमानींचं तळघर, २०१९ मध्ये कॅफे म्हणून उघडलं. सूप, स्कोन, चहा मिळतो, शाकाहारी काही ना काही असतंच. तिथे बसा, पाय मोकळे करा, भूक फार असेल तर पूर्ण जेवण नंतर बाहेर घ्या. डब्यातली पोळीभाजी आत खाता येत नाही, ती नदीकाठच्या बागेत, पण डिसेंबरमध्ये बाकं ओली असतात तेव्हा खाली घालायला प्लास्टिक न्या. आम्ही जेवायला सरळ स्लाऊला परत येतो, डोसा, छोले, सगळं गरम मिळतं, आई-बाबांना थंडीत सँडविच देण्यापेक्षा तेच बरं.

पावणेतीनपर्यंत लोअर वॉर्डमध्ये उतरून सेंट जॉर्जेस चॅपेलमध्ये शिरा. १४७५ ला सुरू झालं, १५२८ ला पूर्ण झालं, आणि छताचं दगडी काम असं की दगड आहे यावर विश्वास बसत नाही. दुपारच्या शेवटच्या उजेडात पश्चिमेची रंगीत काच बघायची म्हणून ही वेळ. जमिनीत आठवा हेन्री आणि त्याच्याच तळघरात पहिला चार्ल्स, ज्याचा शिरच्छेद झाला, त्याला १६४९ च्या फेब्रुवारीत बर्फ पडत असताना इथे आणलं आणि शवपेटीवरचं काळं वस्त्र चॅपेलच्या दारापर्यंत पांढरं झालं होतं. पुढे एका बाजूला छोट्या चॅपेलमध्ये काळ्या दगडावर चार नावं आहेत, राजा सहावा जॉर्ज, त्याची राणी, त्यांची मुलगी एलिझाबेथ राणी आणि तिचा नवरा फिलिप. सासूबाईंनी तिथे हात जोडले, आणि शेजारची इंग्लिश बाई त्यांच्याकडे बघून मान लववून गेली.

बाहेर निघताना तिकिटावरचा शिक्का विसरू नका, आठव्या हेन्रीच्या दरवाज्यातून बाहेर पडलात की मग काही करता येत नाही.

अंधार पडल्यावर

बाहेर आलात की पीसकॉड स्ट्रीटला जा, तिथली रोषणाई चालता चालता बघून होते. बहुतेक वर्षी नदीजवळच्या अलेक्झांड्रा गार्डन्समध्ये बर्फावर स्केटिंग असतं, मुलांना तासभर तिथे सोडा आणि मोठ्यांनी कठड्याशी चहा घेऊन उभं राहा. पाय शिल्लक असतील तर ईटनच्या पुलावर जा, तिथून मागे वळून बघितलं की दिव्यांत उजळलेला कॅसल टेकडीवर दिसतो, खाली थेम्समध्ये राजहंस. लाँग वॉक, तो सव्वाचार किलोमीटरचा सरळ रस्ता, फार सुंदर आहे पण अंधारात नको, तो सकाळी लवकर आलात तर.

आणि ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी शेवटचं. सव्वापाचच्या सुमारास चॅपेलमध्ये इव्हनसाँग असतं, संध्याकाळची प्रार्थना, गाणारी मुलं आणि मोठे, त्याला तिकीट लागत नाही, कुठल्याही धर्माचा माणूस जाऊन बसू शकतो. चॅपेलच्या वेबसाइटवर त्या दिवशी गायक आहेत का ते बघा, काही दिवशी नुसतं वाचन असतं. वेळेच्या वीस मिनिटं आधी आठव्या हेन्रीच्या दरवाज्याशी जाऊन पहाऱ्यावरच्या माणसाला इव्हनसाँगला आलोय म्हणून सांगायचं. आत बसायला जागा दाखवतात, लोक उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, इंग्रजी शब्द नाही समजले तरी चालतं, काकड आरतीला आपण भल्या पहाटे डोळे मिटून बसतो तसं बसायचं. फोन पूर्ण बंद करा, मध्ये उठून जाता येत नाही म्हणून लहान मुलांना आधीच टॉयलेटला नेऊन आणा, आणि जॅकेट काढू नका, दगडी इमारत आहे, पाऊण तासात पायांतून गारठा चढतो.